बाळंतिणीच्या ताटात काय, शेजारी कोण

मराठवाड्यात एखाद्याच्या गोठ्यात गाय व्याली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेजारच्या चार घरी चिकाचं भांडं पोचतं. गूळ आणि वेलदोडा घालून त्याचा खरवस होतो, पोरं वड्यांवर तुटून पडतात. चीक अंगाला लागतो, ताकदीचा असतो, हे सांगायला कुणी डॉक्टर लागत नाही. त्याच घरात सून बाळंत झाली की तिचं पहिलं दाटसर पिवळं दूध मात्र कितीतरी वर्षं पिळून टाकलं गेलं. साचलेलं आहे, जड आहे, एवढ्याशा जिवाला पचायचं नाही, अशी त्याची कारणं. मग बाळाच्या ओठाला मधाचं बोट लागायचं, कापसाच्या बोळ्याने गुळाचं पाणी दिलं जायचं आणि खरा पान्हा फुटेपर्यंत दोन-तीन दिवस असेच जायचे. ही गोष्ट आजीच्या काळातली म्हणून सोडून द्यावी अशी मात्र झालेली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण तीन वर्षांखालच्या मुलांचा हिशेब काढला, तर जन्मल्यापासून तासाभरात आईच्या अंगावर घेतलेली मुलं निघाली ५३ टक्के. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत दवाखान्यातली बाळंतपणं ९० टक्के होती आणि तासाभरात पाजलेली मुलं ५७ टक्क्यांच्या वर. म्हणजे चार-पाच वर्षांत दवाखाना आणखी जवळ आला आणि आईचं पहिलं दूध बाळापासून आणखी लांब गेलं. गर्भवती, स्तनदा माता आणि त्यांची बाळं यांच्या पोषणाची गाठ याच दोन आकड्यांमध्ये बसलेली आहे. सोय वाढते, योजना येतात, पाकिटं पोचतात. पण ऐन वेळी आईच्या शेजारी बसणारं माणूस कमी पडतं.

प्रसूतिगृहात त्या तासाभरात काय होतं ते पाहिलं की हे लक्षात येतं. बाळ जन्मतं, पुसलं जातं, वजन होतं, गुंडाळून बाहेर नातेवाइकांना दाखवायला नेलं जातं. आई टाक्यांसाठी टेबलावरच असते. राज्यातली चौथा हिस्सा बाळंतपणं आता सिझेरियनने होतात, तिथे तर ती वॉर्डात परत येईपर्यंत बाळ आजीच्या मांडीवर झोपून गेलेलं असतं. यात कुणाच्या मनात वाईट काहीच नसतं. एकेका सिस्टरकडे इतक्या खाटा असतात की बाळ छातीशी धरून द्यायला तिला अर्धा तास काढणं जमत नाही, आणि नातलगांना वाटतं, दमलीय बिचारी, झोपू द्या.

वास्तविक त्या वेळी बाळ कधी नव्हे इतकं जागं असतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या अभ्यासकांनी १९८७ मध्ये नोंदवून ठेवलं की नुकतंच जन्मलेलं बाळ आईच्या पोटावर उघडं ठेवलं, तर ते पाय रेटत, डोकं हलवत, वास घेत स्वतःहून छातीपर्यंत सरकतं आणि चोखू लागतं. मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. प्रशांत गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रसूतिगृहांत नेली. तिच्यावर २००७ मध्ये तयार झालेली फिल्म जगभर दाखवली गेली. पहिल्या दिवशी चीक येतो तो काही चमचेच. बाळाच्या इवल्या पोटाला तेवढा पुरतो, आणि त्यातले रोगप्रतिकारक घटक दुसऱ्या कशातून मिळत नाहीत. 'दूधच येत नाही' ही पहिल्या दोन दिवसांतली तक्रार बहुतेक वेळा चिकाच्या या मोजक्या मापाबद्दलची असते.

दूध येणं एक आणि ते बाळाच्या पोटात जाणं दुसरं. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी काम करणाऱ्या विभागातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी यावरच भर दिला. स्तनपानाची बारकाईने शिकवण देणारे त्यांचे ध्वनिचित्र-पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. त्यांत दाखवलेली गोष्ट अशी: डाव्या अंगाला पाजायचं असेल तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं. त्याचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, उजव्या तळव्याचा आधार मानेला, अंगठा आणि बोटं कानामागे. डाव्या हाताने स्तन खालून धरायचा. बाळाने जांभई दिल्यासारखा मोठा आ केला की त्याला पटकन जवळ ओढायचं, नुसतं टोक तोंडात द्यायचं नाही. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, खालचा काळसर भाग जास्तीत जास्त तोंडात, आणि आईला दुखत नाही, अशी ती पकड. नुसतं टोक तोंडात असेल तर बाळ तासभर चोखूनही उपाशीच राहतं, चिरा पडतात, आई कळवळते, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी पावडरचा डबा आणतं. ही पकड शिकवायला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. शिकलेली एक बाई आणि पाऊण तास लागतो.

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी वेळेआधी जन्मलेल्या नाजूक बाळांच्या कक्षात आईलाच बाळाजवळ आणलं. वरचं दूध बंद केलं आणि आयांना दाराबाहेर न थांबवता आत घेतलं. बाळांचे संसर्ग कमी झाले. ज्या बाळांना स्वतःच्या आईचं दूध मिळत नव्हतं त्यांच्यासाठी १९८९ मध्ये तिथे मातृदुग्धपेढी उभी राहिली. आशियातली ती पहिली मानली जाते. पुढे पावडरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने यांवर बंदी घालणारा कायदा १९९२ मध्ये झाला. मुंबईचे डॉ. आर. के. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांची 'अकाश' ही संस्था त्या कायद्यावर पहारा ठेवणाऱ्यांपैकी एक होती. हा कायदा आजही लागू आहे, आणि दुकानदारापासून दवाखान्यापर्यंत सर्वांनी तो वाचायला हवा.

छत्रपती संभाजीनगरचं या विषयाशी नातं मात्र दुधाच्या आधी वजनाच्या काट्याने जोडलं गेलं. २००१ च्या सुमारास तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यात बालकांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. कुपोषण म्हटलं की मेळघाट, असं तोवर सगळे धरून चालले होते. रेल्वे, कारखाने, विद्यापीठ, घाटीसारखं मोठं सरकारी रुग्णालय असलेल्या जिल्ह्यात पोरं अशी जातात, हे पचायला जड होतं. विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी २००२ मध्ये मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांत मोहीम काढली. तिचं सूत्र साधं होतं: प्रत्येक मुलाचं वजन करा आणि आलेला आकडा न लपवता लिहा. त्या वेळच्या प्रतवारीत तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत पडणारी मुलं कागदावर फारशी नसायची, कारण ती दाखवली की वरून विचारणा व्हायची. मुलं सापडू लागली तेव्हा त्यांना दवाखान्यात नेता येऊ लागलं. याच अनुभवावर २००५ मध्ये 'राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन' स्थापन झालं. देशातलं हे पहिलं राज्यस्तरीय पोषण मिशन. युनिसेफचं सहकार्य होतं, आणि सुरुवातीचं कार्यालय मुंबईत नव्हे, याच शहरात होतं.

मिशनने आधी पाच आदिवासीबहुल जिल्हे घेतले, नंतर पसारा राज्यभर गेला. दुसऱ्या टप्प्यात 'पहिले हजार दिवस' हा शब्दप्रयोग आला: गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचा काळ. २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी स्वतंत्र पोषण सर्वेक्षण झालं, तेव्हा दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ च्या ३९ टक्क्यांवरून साधारण २३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. बाहेरच्या देशांतले अभ्यासक हे कसं घडलं ते पाहायला आले. त्यानंतरचे आकडे मात्र जड आहेत. पाच वर्षांखालच्या मुलांत खुरटलेली मुलं २००५-०६ मध्ये ४६ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ३४, आणि २०१९-२१ मध्ये ३५. उतार थांबला.

तो का थांबला याचं एकच उत्तर नाही. पण काट्याची एक मर्यादा आहे: तो झालेलं सांगतो. बाळ पहिल्यांदा काट्यावर येतं तेव्हा त्याच्या आईच्या नऊ महिन्यांच्या ताटाचा हिशेब त्या आकड्यात आधीच जमा झालेला असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत हा हिशेब उलगडला. गावातल्या बाया शेतात राबत होत्या, पाणी वाहत होत्या, आणि त्यांची बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर जन्मत होती. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तेव्हा दिसलं, की आपली बाळं लहान आणि हडकुळी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट इथूनच सुरू होते, असं हा अभ्यास सांगतो. बाळाच्या मापाशी सगळ्यांत स्पष्ट नातं दिसलं ते हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध आई किती वेळा खाते याचं. नुसत्या भाकरीने पोट भरतं. बाळाचे अवयव घडायला त्या भाकरीसोबतचं कोरड्यास लागतं. मग मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायांना पालेभाजी, फळं आणि दूध यांचा रोजचा खाऊ देऊन पाहिला गेला. सरसकट बाळांच्या वजनात फरक पडला नाही. पण ज्या बायांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड निघाली. दिवस गेल्यावर सुरू केलेला खाऊ उशिराचा ठरतो. परभणीसारख्या जिल्ह्यात विशीतल्या जवळपास निम्म्या मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळतात. तिथे ही गोष्ट शाळेतल्या मुलीच्या डब्यापर्यंत मागे जाते.

ताटात नेमकं किती वाढायचं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार गर्भवतीला रोजच्यापेक्षा ३५० कॅलरी जास्त हव्यात, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ६००. आकडा मोठा वाटतो. तो चुलीजवळ नेला तर असा दिसतो: साठ ग्रॅम पिठाची एक बाजरीची भाकरी साधारण २१० कॅलरी देते, मूठभर शेंगदाणे १४०. झाले ३५०. बाळंतिणीला दोन भाकरी, मूठभर दाणे आणि वर थोडं तूप-गूळ. एवढं मराठवाड्यातल्या बहुतेक घरांच्या आवाक्यात आहे. अडतं ते पंगतीच्या क्रमात. पुरुष, पोरं, म्हातारी माणसं जेवतात, आणि शेवटी ती. टोपल्यात उरलेलं आणि कढईच्या बुडाशी राहिलेलं तिचं. त्यात भर म्हणून, पोटातलं बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल, या भीतीने शेवटच्या महिन्यांत तिचा घास आणखी आखडता घेतला जातो. अंगणवाडीतून मिळणारं घरपोच आहाराचं पाकीट तिच्या नावाचं असतं, पण घरात आलं की ते सगळ्यांचं होतं. आदिवासी भागांत २०१५ पासून अमृत आहार योजनेत गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत बसवून एक वेळचं चौरस गरम जेवण मिळतं. त्या योजनेची खरी ताकद 'बसवून' या शब्दात आहे. जे ताट तिच्यासमोर येतं ते तीच जेवते.

रक्त वाढवण्याच्या गोळीची कथाही महाराष्ट्रातलीच आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेतून तिने गिरणी कामगार बायांच्या गरोदरपणातल्या पंडुरोगाचा शोध घ्यायला सुरुवात केली. निकस जेवणामुळे हे होतं, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बाया बऱ्या होतात, हे तिने दाखवून दिलं. तो घटक म्हणजेच आज आशाताईंच्या पिशवीतल्या गोळीतलं फॉलिक आम्ल. लोह आणि फॉलिक आम्लाची ही गोळी बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतर १८० दिवस घ्यायची असते. तरीही २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या गर्भवतींपैकी जवळपास ४६ टक्के बायांना रक्तक्षय होता. गोळ्यांची पाकिटं फळीवर पडून राहतात, कारण मळमळतं, शौच काळी होते, आणि घाबरलेल्या बाईला हे नेहमीचंच आहे असं सांगणारं कुणी नसतं. रात्री जेवण झाल्यावर, लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर ती सोसते आणि अंगीही लागते. चहा तिच्या आसपास नको, कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको.

आपल्या जुन्या चालीरीतींत टाकण्यासारखं जे आहे ते टाकावंच. पण बाळंतिणीच्या सव्वा महिन्याइतकी शहाणी व्यवस्था दुसरी नाही. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागातल्या मुसलमान घरांत तोच चाळीस दिवसांचा चिल्ला. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं, शेपूची भाजी, बाळंतशोपा, अंगाला तेल, आणि मुख्य म्हणजे कामाला हात नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेर हे सगळं करतं. दुसऱ्याला पुष्कळदा सासरीच भागवलं जातं आणि पंधराव्या दिवशी बाई चुलीपुढे असते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांभोवती भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या जोडप्यांत घरात मोठं माणूस कुणी नसतंच. जालन्या-बीडकडच्या गावची आई आठ दिवसांची सवड काढून येते आणि पेरणी तोंडावर आली की परत जाते.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची तऱ्हा याहून कठीण. कन्नड-पैठणपासून बीडपर्यंतच्या गावांतून दिवाळीच्या आगेमागे ट्रक निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस चुकला की खाडा. सातवा महिना लागलेली बाईही मोळ्या उचलते, कारण खाडा पडला तर उचल फिटत नाही. कोपीत जन्मलेलं बाळ उसाच्या सरीत, झोळीत झोपतं. त्याला पाजायला फडातून परत किती वेळा यायचं हे मोळ्यांवर ठरतं. गावच्या अंगणवाडीच्या यादीत तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' एवढंच राहतं. नियमाप्रमाणे तिला कारखान्याजवळच्या अंगणवाडीतही आहार मिळायला हवा. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित नोकरीतल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, ही मोठीच गोष्ट. हिच्या वाट्याला येतात ते प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५००० रुपये, तेही हप्त्यांत, आधार आणि बँक खातं जुळलं तर. मुळात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६००० कबूल केले होते. हे पैसे बुडालेल्या मजुरीच्या बदल्यातले आहेत, हे लक्षात घेतलं तर उशिरा आलेला हप्ता किती निरुपयोगी ठरतो ते कळतं.

सहा महिने नुसतं आईचं दूध, पाण्याचा थेंबसुद्धा नाही; त्यानंतर वरचं अन्न आणि सोबत दोन वर्षं व पुढेही अंगावरचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुराणातही दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख आहे. मराठी घरांत उष्टावण हौसेने होतं, खिरीचं बोट बाळाच्या जिभेला लागतं, आणि मग पुष्कळ दिवस वरणाच्या पाण्यावरच भागवलं जातं. दाट वरण-भात, त्यात तूप, कुस्करलेलं अंडं, दाण्याचं कूट घालून शिजवलेली पालेभाजी हे सगळं सातव्या महिन्यापासून चालतं. पण सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आणि चौरस आहार मिळणारी मुलं महाराष्ट्रात दहांत एकसुद्धा भरत नाहीत. काश्यपसंहितेत मुलांच्या फक्क रोगाचे प्रकार सांगताना, आईला पुन्हा दिवस गेल्यामुळे दूध तुटलेल्या मुलाचा प्रकार वेगळा नोंदवला आहे. १९३५ मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतल्या गा भाषेतला 'क्वाशिओरकोर' हा शब्द वैद्यकात आणला, त्याचाही अर्थ धाकटं आल्यावर थोरल्याला होणारा आजार असाच. दोन बाळंतपणांमधलं अंतर हाही आहाराचाच विषय आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष आले: नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज देशभरातल्या आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्याचं मूळ तिथे आहे. यांतला तिसरा दिवस सगळ्यांत नाजूक. दूध उतरायला लागलेलं असतं, छाती दगडासारखी झालेली असते, बाळ रडत असतं, बाई रडवेली असते आणि मेडिकलमधून डबा आणायला कुणीतरी चप्पल घातलेली असते. चांगली आशाताई आल्या आल्या साबणाने हात धुते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं छातीवर ठेवायला सांगते, हाताने थोडं दूध काढून दाखवते, कानामागे बोटं कशी धरायची ते दाखवत बाळ जवळ घ्यायला लावते. बाळ घुटके घेऊ लागलं की झोळी काट्याला अडकवण्याआधी ती आईला विचारते, सकाळपासून तू काय खाल्लंस; आणि उत्तराची वाट न बघता उठून भाकरीच्या टोपल्यावरचं झाकण काढून बघते.